पडदेवाल्यांचा चष्मा

एका शनिवारी दुपारी दुकान मेहुण्यावर सोपवून पोरीची टेनिसची मॅच बघायला जायचं पडदेवाल्यांनी ठरवलं, आणि तिथेच सगळं फिसकटलं. तोवर किती सुरळीत चाललं होतं! पोरीला तिची आई मैदानावर घेऊन जायची आणि कडेच्या बाकावर बसून निवांत पेंगायची. पोरगी कधी जिंकायची, कधी हरायची, आणि दोघी घरी येऊन पोटभर जेवायच्या. पडदेवाल्यांचा या खेळाशी संबंध एवढाच, की रॅकेटच्या पिशवीला अस्तर त्यांच्या दुकानातल्या उरल्यासुरल्या कापडाचं होतं.

पोरीला घरात भिंगरी म्हणत. चालायला लागल्यापासून ती एका जागी उभी अशी कोणाला दिसलीच नव्हती. आता चौदाची झाली होती, आणि मैदानावर ती धावायला लागली की पाय दिसायचे नाहीत, नुसती धूळ दिसायची.

पडदेवाले बायकोशेजारी बसले. दोन-चार चेंडू इकडून तिकडे गेले न गेले तोच म्हणाले, "माल एक नंबर आहे, पण मांडणी चुकतेय."

"अहो, खेळ आहे तो. गप्प बसा."

आता, ज्या माणसाने जन्मात रॅकेट हातात धरली नाही त्याने गप्प बसायला हरकत नव्हती. पण दुकानदाराला कुठल्याही विषयात मत यायला वेळ लागत नाही. (लावून चालत नाही. गिऱ्हाईक तेवढं थांबत नाही.) पुढच्या मॅचला पडदेवाले बाकावरून उठले, त्याच्या पुढच्या मॅचला कुंपणाला लटकले.

"लांब टाक! आता जवळ टाक! अगं पळ ना, पाय काय भाड्याने आणलेत?"

कोचसरांनी कुंपणावर पाटी लावली : 'पालकांनी सूचना करू नयेत.' पडदेवाल्यांनी ती लक्षपूर्वक वाचली, "अक्षर जरा मोठं हवं होतं" अशी सूचना केली, आणि पुन्हा ओरडायला लागले. शेवटी कोचसरांनी त्यांना बाजूला घेतलं.

"पडदेवाले, यापुढे तुमचा एक शब्द जरी पंचांच्या कानावर गेला ना, तर शिक्षा पोरीला होईल. पहिल्यांदा ताकीद, मग गुण जातो, मग थेट मॅच जाते. बापाने बोलायचं आणि लेकीने भोगायचं, असा नियमच आहे."

"एक शब्दसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही."

एवढी बोलणी खाऊनही पडदेवाले घरी हसत आले. कारण सोपं होतं. एकही शब्द न बोलता बोलायचं, हाच तर त्यांचा धंदा होता!

दुकानात गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं, की मालकाने आपल्या माणसाशी त्याच्यासमोर बोलायचं कसं? पडदेवाल्यांनी आणि मेहुण्याने त्यासाठी तीन खुणा बसवल्या होत्या. मालकाने कानाची पाळी ओढली, म्हणजे ताणून धर, गिऱ्हाईक वाकतंय. चष्मा काढला, म्हणजे सोड, भाव उतरव. आणि मानेवरून रुमाल फिरवला, म्हणजे सौदा पक्का, त्याचं मन बदलायच्या आत कापडाला कात्री लाव. या तीन खुणांवर दुकान उभं होतं, आणि जगात दोनच माणसांना त्या ठाऊक आहेत, या विचाराने पडदेवाल्यांना रात्री शांत झोप लागत असे.

त्या दिवशी जेवताना तिसऱ्या माणसाला दीक्षा देण्यात आली. कान ओढला, की मागे राहून लांब फटके मारायचे. चष्मा काढला, की चेंडू हळूच जाळीपलीकडे सोडायचा. मानेवर रुमाल, की जाळीवर धावून जाऊन निकाल लावायचा.

"बाबा, कुठे मारायचं ते मला कळतं," भिंगरी म्हणाली.

"तुला कळतं, पण मला दिसतं."

"अहो, ही लबाडी आहे," बायको म्हणाली.

"कसली लबाडी? चष्मा माझा, कान माझा, मानही माझी!"

पंचाईत अशी, की पोरगी जिंकायला लागली. जिंकणं कोणाला कडू लागतं? भिंगरीही खूश झाली. मात्र दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे प्रत्येक चेंडूनंतर तिची मान वर, बापाकडे. आणि दुसरी म्हणजे, गुण गेला की ती रॅकेट जमिनीवर आपटायला लागली.

ही दुसरी गोष्ट खेळातली नव्हती, घराण्यातली होती. दुकानात एखाद्या बाईने कपाटातले सगळे तागे उलगडायला लावून शेवटी "जरा बघून येते" म्हटलं, की ती पायरी उतरायच्या आत पडदेवाले हातातला तागा असा आपटत, की शेजारचा न्हावी दचकून गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलायचा.

"जिद्द आहे पोरीत!" पडदेवाले अभिमानाने म्हणाले.

"ती जिद्द नाही हो," बायको म्हणाली. "ते तुम्ही आहात."

अशात निवडीची मॅच आली. शहराबाहेर मुलामुलींची एक निवासी क्रीडाशाळा होती. तिथे भिंगरीच्या वयाच्या मुलींसाठी यंदा एकच जागा होती आणि त्या जागेला उमेदवार उरल्या दोन : भिंगरी, आणि एक लांब वेणीवाली मुलगी. जी जिंकेल ती जाईल. भिंगरीने त्या शाळेचं चित्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. "बाबा, तिथे आठ कोर्ट आहेत, आठ!" हे वाक्य घरात इतक्यांदा झालं होतं, की आई भाजी वाढतानाही "आठ कोर्ट, घे" म्हणायची.

पडदेवाले गॅलरीत मोक्याच्या जागी बसले. वेणीवालीचे वडील पलीकडे खांबाला टेकून झोपले होते. 'काय हा बाप!' पडदेवाल्यांना कीव आली. 'पोरीच्या भवितव्याशी खेळतोय.'

पहिला सेट भिंगरीने खिशात घातला. दुसऱ्यात ती चार-एकने पुढे होती. पडदेवाल्यांचा कान लाल झाला होता, पण काम फत्ते होतं. आणि नेमके तेव्हा शेजारच्या खुर्चीत दातांचे डॉक्टर येऊन टेकले.

"अरे वा, पडदेवाले! बरे सापडलात. वेटिंग रूमसाठी तो मोरपंखी पडदा बघून ठेवलाय ना मी, त्याचं शेवटचं काय ते सांगून टाका."

"डॉक्टर, मॅच चालू आहे."

"मॅच तिची चालू आहे. तुम्ही रिकामेच बसलाय की."

"तुम्ही म्हणता त्या भावात नाही हो परवडत," पडदेवाले पुटपुटले, आणि हात आपोआप कानाकडे गेला.

खाली जाळीजवळ पोचलेली भिंगरी बापाचा कान बघून उलट्या पावली मागे पळाली. ती जिथे उभी होती, बरोबर तिथे चेंडू अलगद पडला.

"मग राहू द्या. दुसरीकडे बघतो," म्हणत डॉक्टर अर्धे उठले.

गिऱ्हाईक उठलं! आता इतक्या वर्षांची सवय ती. दुकान काय आणि गॅलरी काय. पडदेवाल्यांचा चष्मा नाकावरून खाली आला. समोरचा चेंडू भिंगरीला नुसता हाणायचा होता. तिने चष्म्याकडे पाहिलं, आणि तो असा हळूच सोडला, की जाळीत जाऊन निजला.

"बसा हो डॉक्टर, बसा. किती खिडक्या म्हणालात?"

"सहा."

"सहा?" पडदेवाल्यांनी आनंदाने मानेवरून रुमाल फिरवला.

वेणीवाली अजून सर्व्ह करायला चेंडू टपटपवत होती, तोवर भिंगरी धावत येऊन जाळीला चिकटून उभी राहिली. चेंडू तिच्या डोक्यावरून गेला. भिंगरीने रॅकेट दाणकन आपटली. पंचबाईंनी उंच खुर्चीवरून ताकीद दिली.

तेव्हा कुठे पडदेवाल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी घाईघाईने चष्मा चढवला, रुमाल खिशात कोंबला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून पुतळ्यासारखे बसले. पण गेलेली लय परत येईना. चार-एकचे चार-चार झाले. पोरगी दर चेंडूला वर बघत होती, आणि वर पुतळा!

"हातांवर का बसलात?" डॉक्टरांनी आपुलकीने विचारलं. "मूळव्याध आहे का?"

"नाही हो."

"असेल तर लपवू नका. बरं, सहा खिडक्यांचे घेतो, पण शिलाई तुमची."

"शिलाई माझी?"

दोन्ही हात उसळून वर आले. एकात कान आला, दुसऱ्यात चष्मा. चेंडू भिंगरीच्या शेजारून शीळ घालत गेला. ती कोर्टाच्या मधोमध उभी राहिली, कमरेवर हात ठेवले, आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी किंचाळली, "बाबा! नक्की काय करू? सोडू का ताणू?"

खांबाला टेकलेला बापसुद्धा जागा झाला.

पंचबाई खुर्चीवरून उतरल्या. "बाहेरून सूचना घेतल्याबद्दल एक गुण गेला," त्या भिंगरीला म्हणाल्या.

"पण ते मी नाही केलं! ते बाबा करतायत!" भिंगरी रडवेली झाली, आणि पुढच्या क्षणी तिने रॅकेट अशी हाणली, की तिचे दोन तुकडे झाले. एक तिच्या हातात राहिला, दुसरा पंचबाईंच्या खुर्चीच्या पायावर आदळला.

मॅच संपली. आठही कोर्ट वेणीवालीला गेले.

पंचबाई गॅलरीखाली आल्या. पडदेवाल्यांनी चेहरा शक्य तेवढा भोळा केला. "बाई, मी एक शब्द बोललो असेन तर जीभ झडेल. घाम आला म्हणून चष्मा काढला."

"पडदेवाले," पंचबाई थंडपणे म्हणाल्या, "माझ्या घरातले सगळे पडदे तुमच्याकडचे आहेत. तुमचा चष्मा उतरेपर्यंत मी आजवर एकदाही 'हो' म्हटलेलं नाही."

पडदेवाल्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. "म्हणजे... तुम्हालाही?"

"अहो, माझ्या पेशंटनाही माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "तोंडात कापूस असला तरी एकमेकांना खुणेने सांगतात."

भिंगरीला सहा महिने खेळायला बंदी झाली, आणि पडदेवाल्यांना वर्षभर कुठल्याही मैदानात पाऊल ठेवायला. घरी रिक्षातून उतरताना भिंगरी फक्त एवढंच म्हणाली, "आठ होते, बाबा."

पडदेवाल्यांनी घासाघीस न करता रिक्षावाल्याने मागितले तेवढे पैसे देऊन टाकले.

बंदीच्या काळात भिंगरी संध्याकाळी दुकानात येऊन गल्ल्याशेजारी अभ्यास करायची. एकदा एक बाई सगळं कपाट उपसून "बघून येते" म्हणून निघाल्या. पडदेवाल्यांनी तागा डोक्यावर उचलला. तेवढ्यात वहीवरून दोन डोळे वर आले. पडदेवाल्यांनी तागा खाली आणला आणि झोपलेलं तान्हं मूल पाळण्यात ठेवावं तसा काउंटरवर ठेवला. डोळे परत वहीत गेले.

"भावजी, बरं वाटत नाही का?" मेहुण्याने घाबरून विचारलं.

चष्म्याचाही बंदोबस्त झाला. पडदेवाल्यांनी त्याला पडद्याची इलॅस्टिकची नाडी लावून तो डोक्यामागे घट्ट बांधून टाकला. पण याने धंद्याचे हाल झाले. थांबायचं कुठे हेच गिऱ्हाइकांना कळेना. घासाघीस चालूच राहायची, चालूच राहायची. दातांचे डॉक्टर तर दर आठवड्याला येऊन तोच मोरपंखी पडदा चाचपत, चष्म्याकडे आशेने बघत, आणि सुस्कारा टाकून जात.

वर्ष सरलं. क्रीडाशाळेत पुन्हा एक जागा निघाली आणि भिंगरी झगडत झगडत पुन्हा शेवटच्या मॅचपर्यंत पोचली. पडदेवाल्यांची बंदी आदल्याच आठवड्यात उठली होती. सकाळी ते नवा शर्ट घालून, बुटांना पॉलिश करून दारात तयार होते.

"बाबा," भिंगरी पिशवी खांद्याला लावत अगदी गोड आवाजात म्हणाली, "आज दुकान उघडं ठेवा."

पडदेवाल्यांनी बूट काढले.

दुपारी दुकानात डॉक्टर आले होते. मोरपंखी तागा काउंटरवर अर्धा उलगडलेला होता. मेहुणा कात्री हातात घेऊन सवयीने उभा होता. शिलाई कोणाची, यावर तिसऱ्यांदा चर्चा चालू असताना फोन वाजला.

"बाबा, मिळाली जागा!"

"जिंकलीस?"

"पहिला सेट गेला. सवयीने सारखी वर बघत होते. वर आई पेंगत होती. म्हटलं, चला, आता आपल्यालाच खेळावं लागणार."

"आणि रॅकेट?"

"शाबूत आहे. तुमचे तागे?"

"शाबूत."

"बाबा," पलीकडून बारीक आवाज आला, "आता आठ माझे."

पडदेवाल्यांचे डोळे भरून आले. काच धूसर झाली, समोरचं दिसेना. त्यांनी डोक्यामागची नाडी ओढून काढली, चष्मा उतरवला, खिशातून रुमाल काढला आणि डोळे पुसले, गाल पुसले, आणि पुसण्याच्या ओघात मानही पुसली.

"उतरले! उतरले!" डॉक्टर स्टुलावरून उडालेच. "सहाही खिडक्यांचे! शिलाई यांची! द्या बांधून!"

"अहो डॉक्टर, थांबा, मी रडतोय..." म्हणत पडदेवाले मागे वळले.

पण इतक्या वर्षांच्या इमानी नोकरीत मेहुण्याने रुमाल मानेवर गेलेला बघून कधी विचार करत बसण्याची चूक केली नव्हती. त्याची कात्री मोरपंखी कापडात पार पलीकडे पोचली होती.