बोटभर फट

“पिपरी मेघेत काय, अख्ख्या वर्धा जिल्ह्यात अशी जमीन कोणाच्या घरात नाई राहणार!” असं नानाजींनी जाहीर केलं, तेव्हा ती जमीन त्यांच्या रोहण्याच्या शेतात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी होती आणि तिला पानं होती.

जमीन म्हणजे लाकडी जमीन. नानाजींची लेक नलू आणि जावई धनंजय पिपरी मेघेत घर बांधणार होते. निजायच्या खोलीत फरशीऐवजी लाकूड टाकायचं जावयाच्या मनात होतं. नागपूरच्या दुकानातून तो एक नमुनाही घेऊन आला होता. वर सागवानाचा पापुद्रा, खाली प्लायसारखे पातळ थर एकावर एक चिकटवलेले.

“याले इंजिनिअर्ड वूड म्हणतात, मामाजी.”

नानाजींनी तुकडा कडेनं पाहिला आणि दोन बोटांत धरून परत दिला.

“लाकडाले इंजिनिअर कायले पाह्यजे? माह्या धुऱ्यावरची दोन सागवानं बत्तीस वर्षं कोणा इंजिनिअरले न इचारता वाढली! जमीन मी देतो. अख्ख्या सागवानाची!”

जावयानं तुकडा जपून ठेवून दिला. सासऱ्याच्या या हट्टामागं एक पलंग आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

पलंगाची गोष्ट अशी. नलू जन्मली तेव्हा नानाजींनी धुऱ्यावर ती दोन सागवानं लावली होती, तिच्या लग्नात पलंग द्यायचा म्हणून. पण नव्वद साली लग्न ठरलं तेव्हा झाडं अजून मांडीएवढीच होती. पलंग आंब्याच्या लाकडाचा द्यावा लागला. मांडवात प्रभाकरराव, म्हणजे नलूचे सासरे आणि नानाजींचे इवाई, पलंगापाशी आले, उशाच्या फळीवर टकटक केलं आणि म्हणाले, “आंब्याचा हाय वाटते.”

बस, एवढंच! म्हणाले आणि जेवायला गेले. दुसऱ्या कोणी ते ऐकलंसुद्धा नाही. नानाजींनी मात्र ते त्या दिवशी ऐकलं आणि पुढं बारा वर्षं ऐकत राहिले. पेरणीत ऐकलं, डवरणीत ऐकलं, आर्वीच्या एसटीत उभ्यानं ऐकलं. राग नव्हता तो. लेकीला आपण उणं दिलं आणि ते चारचौघांत कळलं, याची लाज होती. रुख्माबाई, त्यांची बायको, किती वेळा म्हणाली, “सोडा नं आता.” पण सुटत नव्हतं.

तर परवाना काढून झाडं तोडली, फळ्या पाडल्या आणि दोन उन्हाळे टिनाखाली वाळवल्या. अशा वाळल्या, की पापडानं लाजावं! दोन हजार दोनच्या मे महिन्यात फळ्या पिपरी मेघेला पोहोचल्या आणि नालवाडीचा कवडू मिस्त्री कामाला लागला.

कवडू कमी बोलायचा. त्या आठ दिवसांत तो दोनदाच बोलला. पहिल्यांदा म्हणाला, “नानाजी, चारी भितींपाशी बोटभर फट सोडा लागते. लाकूड फुगते.”

“फट? आन् इवाई पाह्यतीन तं काय म्हणतीन? लाकूड पुरलं नाई म्हणतीन!”

“वरून पट्टी मारतो नं जी. कोणाले दिसत नाई.”

“मले दिसते!”

दुसऱ्यांदा कवडूनं तो नागपूरचा तुकडा उचलून आणला. “हे पाहा. लाकूड लांबीत नाई फुगत, रुंदीत फुगते. याच्यात एक थर उभा, एक आडवा. बाज इणतो तसा. एक पसराले लागला का दुसरा त्याले धरून ठेवते. तुमच्या अख्ख्या फळीले धरणारं कोणीच नाई.”

“माह्या सागवानाले धरा लागत नाई. खानदानी लाकूड हाय ते!”

कवडूनं पेन्सिल कानावर ठेवली. फळ्या भिंतीपासून भिंतीपर्यंत ठोकून बसवल्या. शेवटची फळी तर हातोड्यानं अशी बसवली, की मध्ये कागद जाईना. नानाजी त्या जमिनीवर अनवाणी फिरले, आणि खोलीत कोणी नाही असं पाहून त्यांनी डोळे पुसले.

दहा दिवसांनी वास्तू होती. ऊन शेहेचाळीसवर. पाहुणे चार दिवस आधीच उतरले. त्या खोलीच्या दोन खिडक्यांत दोन कूलर बसवले होते. जो येई तो जमीन पाहायला येई, गार हवा लागली की तिथंच आडवा होई. रात्रंदिवस कूलर चालू. दोन उन्हाळे वाळलेलं लाकूड ती ओली हवा पीत राहिलं. वास्तूच्या सकाळी नलू म्हणाली, “बाबा, त्या खोलीतल्या कपाटाचं दार आपोआप उघडून राह्यलं.”

“नवीन घर हाय, होते!”

दिवाणखान्यात होम पेटला आणि धूर झाला. प्रभाकररावांचे डोळे वाहू लागले. नानाजी ज्या क्षणासाठी बारा वर्षं थांबले होते तो हाच!

“चाला इवाई, आत बसू.”

धूर येऊ नये म्हणून नानाजींनी दार लावून घेतलं. दोघं उभे राहिले. नानाजी वाट पाहू लागले. प्रभाकररावांनी छत पाहिलं, खिडकी पाहिली, मग कूलरपुढं तोंड नेलं.

“हवा बरी देते.”

“खाली पाहा नं जी.”

प्रभाकररावांनी खाली पाहिलं आणि टाचेनं जमिनीवर टकटक केलं.

धाड!

बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला आणि बसलेली म्हैस उठावी तशा मधल्या फळ्या उठल्या! प्रभाकरराव एकदम वीतभर उंच झाले, मग घसरले आणि नानाजींच्या पायाशी येऊन बसले.

बाहेर ओरडा झाला, “सिलिंडर फुटला! सिलिंडर!” निम्मे पाहुणे रस्त्यावर गेले. नानाजींनी दार ओढलं. दार हलेना. ते आत उघडणारं होतं आणि नेमक्या त्याच्यापुढच्या फळ्या वर आल्या होत्या.

“मामाजी, दार ओढा!” बाहेरून धनंजय.

“ओढून राह्यलो!”

“मंग येऊन काऊन नाई राह्यलं?”

“जमिनीनं धरलं त्याले!”

“जमीन?”

“जमीन, जमीन! अख्खी सागवानाची!”

तेवढ्यात लाइट गेली. कूलर थांबले. खिडक्यांत कूलर आणि त्यांच्यामागं गज, त्यामुळे तिकडूनही सुटका नाही. कवडू मांडवातच होता, पण त्याची हत्यारं नालवाडीला. तो सायकलवर टांग मारून निघाला. भटजी बाहेरून सांगू लागले, पूर्णाहुतीला वडीलधारी माणसं पाहिजेत, मुहूर्त टळतो आहे.

आत दोन म्हातारे दोन भिंतींना टेकून बसले. मध्ये जमिनीचा उंचवटा. घाम गळू लागला. नानाजींना आता लपवायला काही उरलं नव्हतं. बारा वर्षांचं सगळं तोंडातून निघून गेलं.

“इवाई, मी नलीले आंब्याचा पलंग देल्ला, हे तुम्ही बोलले तवापासून मले झोप नाई. म्हणून हे केलं. हेबी फसलं. माफी करा.”

“कोणता पलंग?”

“लग्नातला! तुम्ही टकटक केलं. ‘आंब्याचा हाय वाटते’ म्हणाले.”

प्रभाकररावांनी उपरण्यानं मान पुसली.

“मी म्हणालो? अहो, मी कापडाचा दुकानदार. मले आंबा आन् सागवान वेगळं ओळखताच येत नाई. मुलाचा बाप होतो. सगळे तोंडाकडं पाहून राह्यले होते. कायतरी बोला लागते म्हणून बोललो असन!”

नानाजींना हसू आलं नाही, रडूही आलं नाही. बारा वर्षं पाठीवर वाहिलेलं पोतं उतरवून पाहावं आणि आत काहीच नसावं, तसं त्यांना झालं. ते म्हणाले, “पाणी पाह्यजे होतं, जी.” प्रभाकररावांनी कूलरच्या टाकीत हात बुडवून त्यांच्या तोंडावर पाणी मारलं.

कवडूनं बाहेरून दार कापून दोघांना काढलं. पूर्णाहुती झाली. जमीन पाहून कवडू एक शब्द बोलला नाही, आणि नानाजींना तेच जास्त लागलं.

पावसाळ्यात फळ्या उखडल्या. आरा मशीनवर निम्म्या फळ्यांचे पातळ पापुद्रे काढले आणि कवडूनं ते उभ्या-आडव्या थरांवर चिकटवून नवी जमीन केली. भिंतीपासूनची फट नानाजींनी स्वतः बोट घालून मोजली. ऑगस्टच्या झडीतसुद्धा ती जमीन जागची हलली नाही. आणि पापुद्र्यांनी एवढं काम केलं, की निम्म्या फळ्या उरल्या! बुंध्याचा एक तुकडा घरी होताच, त्याचे पाय केले आणि दिवाळीपर्यंत नलूच्या खोलीत सागवानाचा पलंग उभा राहिला.

दिवाळीला नानाजी आणि रुख्माबाई लेकीकडं गेले. प्रभाकरराव आले, पलंगावर बसले. नानाजी पुढं सरकून बसले. प्रभाकररावांनी फळीवर टकटक केलं. सगळे त्यांच्या तोंडाकडं पाहत होते.

“पलंग झाला,” ते म्हणाले. “गादी?”

सगळे हसले. नानाजीही हसले. हा माणूस काहीतरी बोलायचं म्हणून बोलतो, हे आता त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं! परतीच्या एसटीत रुख्माबाईनं विचारलं, “लागलं तं नाई नं मनाले?” “छट्! वेडी का काय!” नानाजी म्हणाले.

चार दिवसांनी रोहण्याला पहिला वेचा निघाला. नानाजींनी सगळ्यात पांढरा कापूस निवडून एका धोतरात वेगळा बांधला आणि रुख्माबाईपुढं ठेवला.

“आन् पाह्य,” ते हळूच म्हणाले, “सरकीचा एक दाणा राहू देजो नको. टोचला तं बोलन तो माणूस.”