नैनाच्या चेहऱ्याचे अधिकृत मालक

माणसाचा चेहरा ही त्याची खासगी मालमत्ता असते, हे सत्य मानवजातीला फार उशिरा कळलं. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या खेळाडूंना तर ते अगदी अलीकडे, कायद्यानेच कळवण्यात आलं. आता खेळाडू आपलं नाव आणि चेहरा जाहिरातीला देऊन रीतसर मोबदला घेऊ शकतो. अटी मोजक्याच आहेत: शाळेचं नाव नको, बोधचिन्ह नको, गणवेश नको. (थोडक्यात, ज्यामुळे त्याला कोणी ओळखतं ते काहीच नको.)

तिथल्याच शॉमबर्ग गावच्या शंतनू देवधरला हा कायदा मनापासून आवडला. त्याची मुलगी नैना शाळेच्या बॅडमिंटन संघात पहिल्या नंबरवर खेळते, आणि घरगुती चकल्या विकणाऱ्या पद्मिनीकाकूंना पाकिटावर तिचा फोटो हवा होता. मोबदला महिन्याला चार किलो चकली. नैनालाही हे पसंत होतं.

शाळेला कळवण्यासाठी एक पानी फॉर्म होता. पण शंतनू हा चौदा वर्षं व्हिसाचे अर्ज भरून तयार झालेला माणूस. एका पानावर विश्वास ठेवणारं ऑफिस त्याने अजून पाहिलं नव्हतं. त्याने मुलीच्या लोकप्रियतेचे पुरावे जोडले: एकशे सहासष्ट पानं, अनुक्रमणिकेसह, तीन प्रतींत. त्यात अकरा व्हॉट्सॲप ग्रुपवरचे फोटो होते (सगळ्यांत शेजारी तो स्वतः), नागपूरच्या आत्यांचे अभिप्राय होते, आणि ‘मुलीच्या बॅकहँडने मला ऑफिसची टीम सांभाळण्याबद्दल काय शिकवलं’ ही त्याची गाजलेली पोस्ट होती. त्या पोस्टला एक हजार बारा लाइक मिळाले होते आणि त्याला तीन ठिकाणी भाषणाचं आमंत्रण.

शाळेच्या क्रीडा संचालिकेने फाइल पूर्ण वाचली, हा निव्वळ अपघात. चकलीचा करार तिने लगेच मंजूर केला. मात्र प्रत्येक फोटोत गणवेश होता, बोधचिन्ह होतं, आणि त्यांच्या जोरावर एक इसम स्वतःची प्रसिद्धी करत होता. खेळाडूची संमती कुठेच जोडलेली नव्हती. शुक्रवारपर्यंत हे सगळं काढून टाका, नाहीतर शनिवारच्या स्पर्धेत नैना खेळणार नाही, असं पत्र आलं.

“बाबा, जस्ट डिलीट इट ना. शनिवारी जिंकले तर मी स्टेटला जाणार,” नैना म्हणाली. “आणि यू नेव्हर ईव्हन आस्क्ड मी.”

“अगं, हजार लाइक आहेत यार त्याला!” शंतनूने फोन तिच्यापुढे धरला.

नैनाच्या डोळ्यांत पाणी आलं. शंतनू वाईट बाप मुळीच नव्हता. त्याने नियम पुन्हा वाचून काढले. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की सगळी उल्लंघनं मुलीच्याच अंगावर आहेत. शर्ट तिचा, चिन्हही त्या शर्टावरच. मग त्याने प्रत्येक फोटोतून नैनाला कापलं. उरला शंतनू, हातात तिने जिंकलेला कप घेऊन. मुलीच्या कौतुकाचे मथळे तेच ठेवले.

शाळेचं समाधान झालं. नैना शनिवारी खेळली, जिंकलीही. फोटो मात्र तिने कोणालाच काढू दिला नाही.

कापलेल्या फोटोंखाली ‘अभिनंदन’, ‘प्राउड फादर’ असा ओघ चालूच आहे. मुलगी कुठे गेली, हे एकानेही विचारलेलं नाही. त्या अभिनंदनांत एक तुमचंही आहे. फोटो उघडून पाहिला होतात का, एवढंच विचारायचं होतं.