खालून काही आक्षेप?

आमच्या पाळकसाहेबांना प्रवचनाची तालीम करायला स्वयंपाकघरातला व्हेंट लागतो. जमिनीतल्या त्या लोखंडी जाळीतून घर तापवणाऱ्या भट्टीची गरम हवा वर येते. शनिवारी दुपारी तीनच्या ठोक्याला साहेब जाळीवर उभे राहतात, त्यांचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा हळूहळू फुगतो, आणि दोन मिनिटांत कमरेखाली हत्ती आणि कमरेवर रेव्हरंड शांतवन साळवे असा माणूस तयार होतो. मग घसा साफ करून इंग्रजीत प्रवचन. मध्येच थांबतात, वाकतात आणि जाळीतून मराठीत ओरडतात, "खालून काही आक्षेप?"

खाली मी असते. माझे वडील इस्लामपुरात बुवाबाजीविरुद्ध पत्रकं छापायचे. इतर मुलं कागदाच्या होड्या नि विमानं करत होती तेव्हा मी पत्रकांच्या घड्या घालत होते. देवळात, मशिदीत, चर्चमध्ये पाऊल टाकायचं नाही, असं मी दहाव्या वर्षी ठरवलं. कॅनडात नॉर्थ यॉर्कच्या कॉलेजात आले आणि एक बेसमेंट मिळालं. ते घर चर्चचं आहे आणि वर पाळकाचं कुटुंब राहतं, हे मला दोन्ही सुटकेसा जिन्यावरून खाली नेल्यावर कळलं.

पहिल्याच शनिवारी जाळीतून एका आजाऱ्याची गोष्ट खाली आली. तो प्रार्थनेने बरा झाला म्हणे. मला राहवेना. मी खुर्चीवर चढून ओरडले, "मग डॉक्टर काय करत होता?"

वरचं प्रवचन थांबलं. मला वाटलं, गेलं बेसमेंट. तेवढ्यात साहेबांचा आनंदाने फाटलेला आवाज आला, "रूथ! ए रूथ! खाली कुणीतरी जागं आहे!"

त्या दिवसापासून मी 'कॉम्रेड'. माझे आक्षेप ते लिहून घेत आणि रविवारी चर्चमध्ये नावानिशी नाही, पण मानाने सांगत: "माझी एक खालची मैत्रीण विचारते..." तिथल्या म्हाताऱ्या मंडळींना बरेच दिवस वाटत होतं की पाळकाचं सैतानाशी बोलणं-चालणं आहे.

साळवे मूळ नगरचे. त्यांच्या पणजोबांच्या काळी परदेशी मिशनरी नगरला आले होते. आता त्या मिशनऱ्यांच्या पणतवंडांनी चर्चला जायचं सोडलं, म्हणून नगरच्या ख्रिस्ती मंडळीने साळव्यांना कॅनडाला धाडलं. सोबत त्यांच्या पत्नी रूथमावशी आणि चौदा वर्षांची मुलगी करुणा. ती मराठीतल्या प्रत्येक वाक्याला इंग्रजीत उत्तर देते, त्यातलं निम्मं उत्तर "डॅड, प्लीज!" एवढंच असतं.

साहेब दर महिन्याला नगरला पत्र पाठवतात. मराठी टायपिंग माझ्याकडे. "लिही, कॉम्रेड. येथील स्थानिक लोक प्रेमळ आहेत, परंतु रविवारी सकाळी झोपतात. त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. येथील विधवा स्वतः गाडी चालवतात." सोबत फोटो: चर्चमधल्या ब्याऐंशी वर्षांच्या मार्गारेटबाई ज्वारीची भाकरी दोन्ही हातांनी स्टिअरिंगसारखी धरून उभ्या. खाली ओळ: 'एका स्थानिक महिलेसोबत.'

मी म्हणाले, "साहेब, गोरे मिशनरी आपल्याबद्दल हेच लिहायचे! हा अपमान आहे."

"ठाऊक आहे गं," ते गदगदा हसले. "म्हणूनच तर लिहिताना एवढी मजा येते."

काहीही बिघडलं की त्यांचं एकच वाक्य: "मिशनक्षेत्र आहे, चालायचंच." गाडी गोठली, मिशनक्षेत्र आहे. मावशींच्या मिरचीच्या फोडणीने स्मोक अलार्म वाजला आणि अग्निशमनवाले कुऱ्हाडी घेऊन दारात आले, मिशनक्षेत्र आहे. साहेबांनी त्यांना आधी बूट काढायला लावले, मग चहा पाजला. त्या महिन्याच्या पत्रात ओळ होती: 'सहा तरुण स्वतःहून घरी आले. चर्चा झाली.'

आणि एका पत्राने घोटाळा केला. 'येथे थंडी भयंकर आहे, वयस्कर लोकांचे हाल होतात,' असं आम्ही डिसेंबरात लिहिलं होतं. फेब्रुवारीत नगरच्या महिला मंडळाकडून भलंमोठं खोकं आलं. आत चाळीस माकडटोप्या. हाताने विणलेल्या, लाल, पिवळ्या, पोपटी. वर चिठ्ठी: 'कॅनडातील गरजूंसाठी.'

करुणाने एक घातली, आरशात बघितलं आणि म्हणाली, "डॅड, प्लीज. नो वन कॅन सी धिस. एव्हर."

पण सगळ्यांनीच बघायचं होतं. झालं असं, की त्याच सुमारास चर्चच्या वरच्या समितीचं पत्र आलं. मंडळीत उरले होते नऊ म्हातारे. समिती एका रविवारी येऊन पाहणार आणि ठरवणार, चर्च चालू ठेवायचं की मार्कहॅमच्या मोठ्या चर्चमध्ये विलीन करायचं. तिथे पाळक आधीच आहे. म्हणजे साळवे कुटुंबाने नगरला परत जायचं. करुणाची शाळा इथेच अर्ध्यात राहणार.

त्या शनिवारी तालीम चार तास चालली. मी एकवीस आक्षेप घेतले.

आणि रविवारी सकाळी चर्चची भट्टी बंद पडली. बाहेर उणे बावीस. साहेबांनी फोन केला, "कॉम्रेड, स्वयंपाकघरातलं खोकं घेऊन ये. पळ!"

खोकं दारात ठेवायचं आणि बाहेर पायरीवर थांबायचं, असं मी ठरवलं होतं. उणे बाविसात माझं तत्त्व चार मिनिटं टिकलं. आत जाऊन शेवटच्या बाकावर बसले आणि पोपटी टोपी नाकापर्यंत ओढली.

समितीच्या तिघांनी दार उघडलं तेव्हा समोर बारा रंगीत डोकी होती, आणि प्रत्येकात नुसते डोळे. त्यातले एक गृहस्थ चक्क दोन पावलं मागे सरले. व्यासपीठावरून लाल टोपीतला पाळक गरजला, "वेलकम! प्लीज टेक अ कॅप!"

काय प्रवचन झालं ते! म्हातारे हसून हसून बाकांवर कलंडत होते. माझे तीन आक्षेप त्यात होते, उत्तरांसकट. चार नेहमीचे झोपाळूसुद्धा जागे होते, थंडीनेच का होईना. शेवटी समितीतल्या बाई बाकांवरून बोट फिरवत पुटपुटल्या, "...टेन, इलेव्हन, ट्वेल्व्ह."

बारावी मी होते. मी उभी राहिले. "सॉरी, मला मोजू नका. माझा देवावर विश्वास नाही. मी फक्त खोकं आणलंय."

मार्गारेटबाईंनी मान वळवून मला निरखलं. "ओह! यू आर द वन फ्रॉम बिलो!"

बाईंनी बारा खोडून अकरा लिहिलं. मी साहेबांकडे बघू शकले नाही. घरी जाताना तेच म्हणाले, "बरोबर केलंस. तू गप्प बसली असतीस तर मला वाईट वाटलं असतं."

शुक्रवारी पत्र आलं. जूनअखेर चर्च बंद.

त्याच संध्याकाळी साहेब लॅपटॉपशेजारी येऊन बसले. "लिही. टोप्या पोचल्या. सर्वांना झाल्या. फार उपयोगी पडल्या."

मी टाइप केलं. "आणि चर्चचं?"

"ते नको. बायकांनी हिवाळाभर विणलंय गं. या महिन्यात एवढंच जाऊ दे."

ते उठून गेले. मी मावशींना म्हणाले, "माझ्यामुळे तर नाही ना झालं हे?"

"एका डोक्याने काय होणार होतं?" मावशी भाकरी थापतच म्हणाल्या. "आणि तुला सांगते, ह्यांना अभ्यासाला वेगळी खोली आहे, हीटरवाली. तरी त्या जाळीवरच उभे राहतात. का? तिकडे नऊजण, सगळे भले, सगळे म्हणतात 'लव्हली सर्मन, पास्टर.' इथे ह्यांच्याशी भांडायला कुणी नव्हतं. नगरला ह्यांचा भाऊ भांडायचा, तो गेला. तू यायच्या आधी हे दोन वर्षं त्या रिकाम्या बेसमेंटला विचारायचे, खालून काही आक्षेप?"

दुसऱ्या दिवशी शनिवार. तीन वाजले. वर पावलं आली, जाळीवर थांबली. जाळीतून येणारा उजेड अडला. पण आवाज नाही. एक मिनिट झालं, दोन झाली. पायजमा पुरता फुगला असणार.

मी खुर्चीवर चढले.

"पाळकसाहेब! सुरू करा. माझे आक्षेप तयार आहेत."

वर कुणीतरी नाक ओढलं. मग घसा साफ झाला. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ते मराठीत सुरू झाले.