माडी आप्पांची, जिना बापूंचा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कोरीटचे देवचंदआप्पा स्वतःच्या माडीवर दुसऱ्याच्या घरातून जातात. दिवसातून किमान नऊ वेळा जातात.

घर इंग्रजांच्या अमदानीतलं, आप्पांच्या पणजोबांनी सातपुड्याच्या सागात उभारलेलं. वाटणीत मधोमध भिंत आली. मागची बाजू आणि अख्खी माडी थोरल्या आप्पांना, पुढची ओसरी धाकट्या भावाला, बापूंना. जिना मात्र ओसरीत! त्यावरूनच दोघांचा अबोला. पुढे ज्याने त्याने सोयीप्रमाणे खिडकीचं दार केलं, गोठ्याचं स्वयंपाकघर केलं. मी एकदा आप्पांकडे हात धुवायला उठलो, तो थेट बापूंच्या देवघरात निघालो. बाहेरचा रस्ता दाखवायला बापूंची सून सोबत आली. मधल्या खांबावर पोपटांची कोरीव जोडी होती. भिंत त्यांच्यामधूनच गेली. आता एक पोपट बापूंनी हिरवा रंगवलाय, दुसरा आप्पांनी गुलाबी.

गंमत म्हणजे आप्पा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. सगळ्या तालुक्याच्या हद्दी त्यांनी लावून दिल्या. "नकाशा चुकत नही, मानूस चुकस," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वतःच्या घराचा नकाशा विचारला, की चष्मा नेमका माडीवर राहिलेला असतो. मग आप्पा उठतात, बापूंच्या ओसरीत शिरतात आणि हिरव्या पोपटाला सांगतात, "आज ऊन भलतं तपी ऱ्हायनं."

झोपाळ्यावरून बापूही पोपटालाच म्हणतात, "त्यासले सांग, टोपी घाला."

गेल्या महिन्यात आप्पांच्या सुरतेच्या मुलाने नवापूरहून लोखंडी जिना बनवून पाठवला. मागून, बाहेरच्या बाहेर, थेट माडीला. बाबांच्या गुडघ्यांना फेरा नको आणि काकांचे उपकारही नकोत.

आप्पांनी टेप काढला. पहिल्या दिवशी पायरी बोटभर उंच निघाली. दुसऱ्या दिवशी भिंत ओळंब्यात नव्हती. तिसऱ्या दिवशी म्हणे दिशाच चुकली. वेल्डर रडकुंडीला आला. पंच म्हणून मला बोलावलं. मी दोनदा मोजलं. सगळं सुतात होतं. माझंच डोकं गरगरायला लागलं. बापूही कोपऱ्यावर येऊन उभे राहिले होते, हातात पेपर उलटा धरून.

शेवटी वेल्डर ओरडला, "आप्पा, तुमले वर जावानं शे का नही?"

आप्पांनी एकदा टेपकडे पाहिलं, एकदा भावाकडे, आणि बोलून गेले,

"बाहेरथून जिना व्हई गया, मंग मी बापूना घरमा कसाले जाऊ?"