त्र्यंबकराव साळिंदराची निवांत सहल

एका जंगलात, बाळांनो, डांबरी रस्ता आला. तो येईपर्यंत तिथले प्राणी पायी जात आणि वेळेवर पोचत. रस्त्यामागून गाड्या आल्या. गाड्यांमागून रविवार आला. आणि रविवार आल्यावर प्राण्यांना पहिल्यांदाच कळलं, की आपण फार दमलेले आहोत.

त्या जंगलात त्र्यंबकराव नावाचं एक साळिंदर राहत होतं. त्यांची बायको कुमुद. थोरली मुलगी शलाका, धाकटा मुलगा काट्या. काट्या इतका लहान होता, की त्याचे काटे अजून मऊ होते आणि तो बसल्या जागी झोपत असे.

एके दिवशी समुद्राकडून एक टिटवी आली. तिने कुमुदला निरोप दिला.

"तुझी अंबूमावशी पावसाळाभर अंथरुणाला खिळून होती. आता उठून बसते. म्हणते, एकदा कुमुदला बघू दे."

कुमुदला आई नव्हती. तिला अंबूमावशीनेच लहानाचं मोठं केलं होतं. मावशी समुद्राकाठी केवड्याच्या बनात एकटी राहत असे.

कुमुद नवऱ्याला म्हणाली, "अहो, रविवारी जाऊन येऊ. मावशीच्या पडवीत बसू. पोरं समोरच्या वाळूत खेळतील. संध्याकाळी परत."

त्र्यंबकराव विचारात पडले. "म्हणजे तिथे जाऊन नुसतं बसायचं?"

"हो."

"बसायचंच तर घरी काय वाईट आहे?"

बाळांनो, त्र्यंबकराव मूर्ख नव्हते. मूर्ख प्राणी एकदा चुकतो आणि गप्प बसतो. त्र्यंबकराव नियोजन करत.

शेजारच्या गुहेत उपेंद्र नावाचं तरस राहत होतं. मागच्याच रविवारी ते सहकुटुंब समुद्रावर जाऊन आलं होतं आणि तेव्हापासून भेटेल त्याला फोटो दाखवत फिरत होतं. एका फोटोत उपेंद्रराव होते, मागे त्यांची गाडी होती आणि गाडीच्या मागे लाटा होत्या. गाडी चक्क वाळूत उभी होती. त्या फोटोने त्र्यंबकरावांची झोप उडवली होती.

त्यांनी भिंतीवर किनाऱ्याचा नकाशा टांगला. त्यावर किल्ला आला, दीपगृह आलं, कातळसड्यावरचं देऊळ आलं, मग एक प्रसिद्ध किनारा आला आणि त्याच्या पलीकडचा एक 'कोणालाच माहीत नसलेला' किनारा आला. मावशीचं घर कोपऱ्यात, अगदी शेवटी आलं.

"सोपी, सुटसुटीत, एका दिवसाची कौटुंबिक सहल," त्र्यंबकराव म्हणाले. "कुठेही घाई नाही. एकदम निवांत. फक्त कोणी कुठे रेंगाळायचं नाही."

कुमुदने टिटवीकडून मावशीला तसा निरोप धाडला. रविवारी ते निघाले.

गाडीत पुढे एक पोपट बसवला होता. तो रस्ता सांगत असे. त्याने समुद्र कधी पाहिला नव्हता. खरं म्हणजे त्याने पिंजऱ्याबाहेरचं काहीच पाहिलं नव्हतं. पण त्याचा आवाज ठाम होता. आणि त्या जंगलात आवाज ठाम असला, की माहिती कोणी विचारत नसे.

घाटातल्या वळणावर शलाका पांढरीफटक पडली. "बाबा, मला मळमळतंय. काच खाली करा ना."

"एसी लावलाय," त्र्यंबकराव म्हणाले. "मजा चालली असताना असं बोलू नये."

थोड्या वेळाने शलाकाने गाडीतच ओकून दाखवलं, की बोलण्याची तशी गरज नव्हती. कुमुदने पोरीचं तोंड पुसलं, सीट पुसली, हातात लिंबू दिलं. त्र्यंबकरावांनी घड्याळ पाहिलं. निवांतपणाला उशीर झालेला त्यांना अजिबात खपत नसे.

किल्ला आला. सगळे उतरले, फोटो काढला, परत बसले. दीपगृह आलं. तिथे उतरण्याइतका वेळ नव्हता, म्हणून काचेतूनच फोटो काढला. देवळापुढे मोठी रांग होती. त्र्यंबकरावांनी गाडीतूनच हात जोडले आणि देवाला समजावून सांगितलं, की पुढे अजून बरंच बघायचं आहे. प्रसिद्ध किनाऱ्याचा फोटो धावत्या गाडीतूनच काढला.

समुद्र मात्र दिवसभर उजव्या हाताला होता. लखलखीत ऊन पडलं होतं, पाणी चांदीसारखं चमकत होतं. काट्या काचेला नाक लावून बसला होता.

"आई, ते मोठ्ठं पाणी कधी येणार?"

"हेच आहे ते, बाळा."

"मग आपण थांबत का नाही?"

"अजून पोचलो नाही म्हणून," त्र्यंबकराव म्हणाले.

दुपार कलता कलता रस्ता केवड्याच्या बनाजवळून जाऊ लागला. कुमुद पुढे सरकली. तिचे काटे नकळत उभे राहिले.

"अहो, इथेच! ते कुंपणाचं बेडं दिसतंय ना, तेच मावशीचं घर. बघा, मावशी बाहेर उभी आहे!"

खरंच, फाटकाच्या बेड्याला धरून एक म्हातारं साळिंदर उभं होतं. ऊन अडवायला डोळ्यांवर हात धरून ते रस्त्याकडे बघत होतं. गाडी पाहताच त्याने हात वर केला.

"मावशीचं शेवटी ठेवलंय," त्र्यंबकराव म्हणाले. "आता थांबलो तर ती चहा करेल. चहा झाला की जेवा म्हणेल. जेवलो की सूर्यास्त गेला. पुढचा किनारा बघू आणि येताना थांबूच की."

"अहो, ती नुकती आजारातून उठलीये."

"म्हणूनच. तिला दगदग नको."

पोपट म्हणाला, "सरळ पुढे चला."

गाडी सरळ पुढे गेली. कुमुदने मागच्या काचेतून पाहिलं. मावशीचा हात अजून वरच होता.

मग तो कोणालाच माहीत नसलेला किनारा आला. तिथे सगळं जंगल लोटलं होतं. रानडुकरं आली होती, सांबरं आली होती, दोन गव्यांची कुटुंबं पार्किंगवरून भांडत होती. जो तो दुसऱ्याकडे रागाने पाहत होता, की ह्याला ही जागा कोणी सांगितली?

किनाऱ्याच्या तोंडाशी मोठी पाटी होती. 'वाळूत गाडी नेऊ नये. भरतीच्या वेळी धोका.' पाटी वाचता येत नाही असा एकही प्राणी तिथे नव्हता. शिकलेलं जंगल होतं ते.

"अहो, पाटी," कुमुद म्हणाली.

"ती इतरांसाठी असते," त्र्यंबकराव म्हणाले. "उपेंद्रने नेली होती की गाडी."

त्यांनी गाडी वाळूत घातली. थेट पाण्याच्या कडेपर्यंत नेली. लाटा मागे दिसतील अशी तिरपी लावली. पोपट म्हणाला, "आपण पोचला आहात."

काट्या मागच्या सीटवर झोपला होता. दिवसभर समुद्राची वाट पाहून त्याचा डोळा लागला होता.

"उठवते त्याला," कुमुद म्हणाली.

"झोपू दे. उठला की पाण्यात शिरेल, ओला होईल, सगळी सीट खराब करेल. पाच मिनिटांचं तर काम आहे. त्या खडकावरून गाडी, समुद्र आणि सूर्य, तिन्ही एका फोटोत येतात."

"एकट्याला ठेवून?"

"गाडीला कुलूप लावलंय. पुढची काच बोटभर खाली ठेवलीये. पोपट आहे सोबतीला. अगं, जरा निवांत हो ना!"

कुमुद गेली. बाळांनो, तिच्यावर रागावू नका. दिवसभर 'नको' म्हणून जो दमतो, तो संध्याकाळी एकदा 'बरं' म्हणतो. संकटं नेमकी त्या वेळी येतात.

खडक दिसत होता त्यापेक्षा लांब निघाला. वर चढल्यावर त्र्यंबकरावांना उजेड पसंत पडेना. "शलाका, हनुवटी वर. कुमुद, हस. अशी नाही, सहज हस. आता थोडं मागे सरका. अजून मागे."

कुमुद हसायला म्हणून वळली आणि तिने खाली पाहिलं.

गाडीची चाकं दिसत नव्हती. मागची बाजू वाळूत रुतली होती. एक लाट आली आणि दाराच्या कडीपर्यंत चढली. ती परत गेली, पण सगळी नाही गेली.

"काट्या!"

ती धावत सुटली. साळिंदर फार वेगाने धावत नाही. त्या दिवशी एक धावलं. ती घसरली, आपटली, उठली, पाण्यात शिरली. दार ओढलं. दाराला कुलूप होतं. आत काट्या जागा झाला होता. दोन्ही पंजे काचेवर आपटत होता. त्याच्या पोटापर्यंत पाणी आलं होतं. तो ओरडत होता, पण लाटांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं.

"किल्ली टाका!" कुमुद खडकाकडे पाहून ओरडली. "अहो, किल्ली!"

त्र्यंबकरावांनी सगळे खिसे तपासले. एका हातात मोबाइल असल्यामुळे त्यांना दुसऱ्या बाजूचे खिसे नीट तपासता येत नव्हते.

पुढची लाट कुमुदच्या डोक्यावरून गेली. ती उठली. आता साळिंदराला वाघ अडवतो तेव्हा ते काय करतं, हे तुम्हांला ठाऊक आहे ना? ते पाठ फिरवतं, काटे फुलवतं आणि उलटं धावून जातं. कुमुदने गाडीकडे पाठ केली. "बाळा, लांब हो!" असं ओरडून ती सगळ्या अंगाचा भार टाकून काचेवर आदळली.

काच तडकली. तिचे काटे मोडले. ती पुन्हा आदळली. पुन्हा काटे मोडले. तिसऱ्यांदा काच खळ्ळकन आत पडली. तिने हात घालून पोराला ओढलं, छातीशी धरलं आणि पाणी तुडवत बाहेर आली.

तेवढ्यात पोपटही त्या फुटक्या काचेतून उडाला. जाता जाता म्हणाला, "शक्य असेल तिथे मागे वळा."

खडकावरून त्र्यंबकरावांचा आवाज आला. "अगं, काच? नवी काच फोडलीस?"

कुमुदने वर पाहिलं नाही. शलाका रडत खाली उतरली होती. तिचा हात धरून, काट्याला कडेवर घेऊन ती रस्त्याला लागली. पायीच. तिच्या पाठीतून रक्त येत होतं.

मागे त्र्यंबकरावांची गाडी हळूहळू पाण्यात जात होती. टपावर सोनेरी ऊन पडलं होतं. त्र्यंबकराव क्षणभर हळहळले. मग त्यांच्या लक्षात आलं, की आता उजेड अगदी हवा तसा आहे. त्यांनी हात लांब केला, मान तिरकी केली आणि फोटो काढला.

केवड्याच्या बनात दिवेलागण झाली होती. मावशी पडवीत बसून होती. ओल्या, रक्ताळलेल्या कुमुदला पाहून ती उठली. काट्याला आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं, शलाकाला चुलीजवळ बसवलं, कुमुदच्या पाठीला हळद लावली. मग उकडलेले करांद्याचे कंद आणि गूळ पुढे ठेवला.

"दुपारीच उकडून ठेवले होते गो," ती म्हणाली. "तुमची वाट बघून बघून निवले. मघाशी एक गाडी गेली. मला वाटलं, तूच. मी हातपण केला. पण ती थांबली नाही. म्हटलं, कुणी परकी असतील."

कुमुदने हातातला करांदा खाली ठेवला.

"परकीच होती, मावशी," ती म्हणाली आणि मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून रडली.

आता तुम्हांला वाटेल, त्र्यंबकरावांना शहाणपण आलं. तुम्ही अजून लहान आहात.

तो फोटो जंगलभर गेला. पुढे त्र्यंबकराव, मागे बुडती गाडी, त्यामागे लाल सूर्य. जंगलाने असं काही पाहिलंच नव्हतं. "काय हिंमत!" सांबरं म्हणाली. "गाडी गेली तरी चेहऱ्यावर काय निवांतपणा!" गवे म्हणाले. उपेंद्र तरस दोन दिवस गुहेबाहेर पडलं नाही.

त्र्यंबकरावांना भाषणांची आमंत्रणं येऊ लागली. विषय असे, 'सोपी सहल : नियोजन आणि आनंद'. भाषणात एकाने विचारलं, "मुलगा गाडीत होता म्हणे?"

"होता. पण आम्ही शांत डोक्याने परिस्थिती हाताळली आणि त्याला सुखरूप बाहेर काढलं," त्र्यंबकराव म्हणाले. टाळ्या पडल्या.

कुमुद मागच्या रांगेत बसली होती. तिच्या पाठीवरचे काटे अजून उगवले नव्हते. शेजारची रानडुकरीण तिच्याकडे वाकून म्हणाली, "सगळं बाकी ठीक, पण तुम्ही काच फोडायला नको होती हं. धीर धरायला हवा होता. त्यांना किल्ली सापडतच होती."

त्या किनाऱ्याचं नाव आता गाडीबुडी पॉइंट झालं आहे. ओहोटीला टप दिसतो. त्यावर चढून फोटो काढायला रांग लागते. शेजारी नवी पाटी लावली आहे, 'टपावर एका वेळी एकाच कुटुंबाने चढावे'. ती मात्र सगळे पाळतात. पुढल्याच महिन्यात उपेंद्ररावांचीही गाडी तिथे बुडाली. ती मोठी होती.

कुमुद आता नवऱ्याला विचारत नाही. मनात आलं, की पोरांना घेऊन एसटीने मावशीकडे जाते. पोरं वाळूत खेळतात. ती आणि मावशी पडवीत बसतात. परतल्यावर शेजारणी विचारतात, "काय काय पाहिलंत?"

"काही नाही. बसलो होतो."

"फोटो?"

"नाही काढला."

शेजारणी हळहळतात. बिचारीला फिरायची काही हौसच नाही, म्हणतात.

तात्पर्य : पोर वाचवणारीची पाठ फोटोत येत नाही. म्हणून बाळांनो, मोठेपणी गाडी बुडवायची झालीच, तर सूर्यास्ताच्या वेळी बुडवा. भर दुपारी बुडवणाऱ्याला लोक गाढव म्हणतात.