सिद्रामअप्पांची टकटक

सिद्रामअप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी दाराच्या चौकटीला भेटतात, माणसांना नंतर. बोटाच्या पेरानं दोनदा टकटक, मग कान लाकडाला आणि डोळे मिटलेले. घरची सून चहाचा कप धरून ताटकळत उभी. बऱ्याच वेळानं अप्पा हळूच सांगतात, "सागवान हाय. झोपलंय. मोठ्यानं बोलू नका."

शिरूर अनंतपाळात त्यांची लाकडाची वखार होती. वखार गेली, टकटक तेवढी राहिली. लाकूड मरत नाही, झोपतं, आणि झोपेत आपलं पुढचं काम बघतं, असं त्यांचं ठाम मत. ओसरीवर त्यांचं ऐकत बसलं की दुपार कुठं विरघळते कळत नाही. निजामाच्या वेळच्या कचेरीचं दार मोडलं, त्याचे लग्नातले पाट झाले. बैलगाडीचं बाभळीचं चाक पाळण्याचे पाय होऊन गेलं. तेलाचा घाणा चिंचेचा होता, त्याचा पुढं खाटकाचा ठोकळा झाला. हे मात्र अप्पा, माळकऱ्याहून कडक शाकाहारी, आवाज उतरवून सांगतात. रुळाखालचे लाकडी स्लीपर काढले, त्यांचे कुणीतरी गोठ्याला खांब केले. गाडीची शिट्टी ऐकली की ते खांब अजून थरथरतात म्हणे. मी हात लावून पाहिलाय. शपथेवर काही सांगत नाही, पण हात लगेच काढवेना.

प्लायवूडला ते माफ करत नाहीत. "ह्याला आवाज न्हाई, नुसता खोकला हाय. लाकडाचं भरीत."

मी पत्रकं वाचत वाढलो, आता लिहितो. 'बांधावरची झाडं विकणारे गावाचे वैरी' हे माझं ताजं पत्रक मी मुद्दाम अप्पांच्या हातात दिलं. त्यांनी ते मांडीवर ठेवून त्यावर टकटक केली.

"हेबी लाकूडच हाय की, लेकरा. झोपेत लई ओरडून राहिलंय."

मी भडकलो. जन्मभर झाडांच्या मढ्यांवर जगलात, तुम्हाला हसू कसं येतं, असं तोंडावर सुनावलं. अप्पा "हाव, खरं हाय" म्हणाले आणि मला चहा पाजला. अशा माणसाशी भांडायचं कसं, ते कुठल्याच पत्रकात नव्हतं.

एक गोष्ट मात्र मलाही कबूल होती. लाकडाबाबत अप्पा खोटं बोलत नाहीत. आपल्याच वखारीतला ओंडका आतून किडलाय असं सांगून ते गिऱ्हाईक समोरच्या वखारीत पाठवायचे. म्हणून उदगीरचा व्यापारी झाडं घ्यायला आला की अप्पांना बरोबर नेतो. अप्पा भरीव म्हणाले तर भरीव. पोकळ म्हणाले, की तो त्या झाडाकडं वळूनही बघत नाही.

यंदा अप्पांच्या पुतण्यानंच बांधावरची झाडं विकायला काढली. सावलीत सोयाबीन धरत नाही म्हणून. शेत अप्पांनीच त्याला देऊन टाकलेलं. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन आडवा गेलो. व्यापाऱ्यानं एक पत्रक घेतलं, नीट घडी घातली आणि खाली अंथरून त्यावर बसला. अप्पा झाडामागून झाड वाजवत चालले. बाभूळ, भरीव. चिंच, भरीव. प्रत्येक निकालाला माझं रक्त उसळत होतं.

शेवटच्या कोपऱ्यात एक थोरला कडुलिंब होता. त्याच्या बुडाशी अप्पांच्या बायकोची समाधी. लिंगायतांत माणूस जाळत नाहीत, मांडी घालून बसवून पुरतात.

"समाधीला हात लावणार न्हाई काका," पुतण्या म्हणाला, "झाड तेवढं नेऊ द्या."

दिलेल्या शेताला मागून अट घालणारे अप्पा नव्हेत. त्यांनी बोट उचललं आणि तसंच धरून उभे राहिले. वर पाला हलत होता. खाली सावली कुणीतरी ऐसपैस बसल्यासारखी पसरली होती.

मग त्यांनी हात खाली घेतला. टकटक न करताच.

"पोकळ हाय."

व्यापारी मान हलवून पुढं निघाला. पुतण्याही गेला. मला राहवेना. मी खोडावर बोटं आपटली. दगडासारखा टणक, भरलेला आवाज आला. अप्पांनी माझा हात धरला.

लांबून व्यापाऱ्यानं विचारलं, "काय हो पत्रकवाले, काय म्हणतंय झाड?"

सत्याशी तडजोड नाही, हे वाक्य माझ्या प्रत्येक पत्रकाच्या माथ्यावर ठळक छापलेलं असतं.

"तिला ऊन सोसत न्हाई, लेकरा," अप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले.

"पोकळच हाय," मी ओरडून सांगितलं.