हवा हलली की घात

साळवे सर कुणाच्याही घरी गेले की आधी पंखा बंद करतात. आमच्या मुलाच्या बारशाला भर मे महिन्यात घरात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि सरांनी चप्पल काढायच्या आत बटण दाबलं. सिन्नरहून आलेले माझे सासरे टोपीने वारा घेत म्हणाले, "लाईट गेली जनू." सर शांतपणे म्हणाले, "हवा हलली की घात."

ते आमचे समोरचे शेजारी. नाशिकला द्वारका चौकाच्या मागे आमची सोसायटी आहे, तिथे दिवसभर हॉर्न वाजतात, पण सरांना त्याचं काही नाही. त्यांचं वैर फक्त वाऱ्याशी. जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि मागच्या खोलीत काचेच्या नळ्यांतून अळंबी सांभाळत बसले. जुन्या नळीतला तुकडा नव्या नळीत टाकताना वारा आला, की हवेतली बुरशी आत पडते आणि सगळं हिरवं होऊन जातं. त्यामुळे हात पंख्याकडे जातो तो जातोच, मग घर कुणाचंही असो.

सरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, मात्र पंख्याशिवाय झोप येत नाही. थंडीत दोन गोधड्या घेतील, पण पंखा हवा. या एका पंख्यावरून त्यांचा संसारभर तंटा चालला. शेवटी वाटणी झाली. हॉल आणि त्यातला कटकट करणारा जुना पंखा काकूंचा, मागची खोली सरांची. चहाही वेगळा, सरांचा बिनसाखरेचा आणि काकूंचा पाकासारखा. या सगळ्याला सरांकडे शास्त्रीय आधार होता. अळंबीत म्हणे दोन धागे भेटले की दोघांची केंद्रकं एका पेशीत येतात, पण लगेच एक होत नाहीत. शेजारी शेजारी राहतात, बरोबरीने वाढतात, आणि छत्री उगवली की अगदी शेवटी मिसळतात. लग्नात सर नवरानवरीला हाच आशीर्वाद देत, "मिसळू नका. शेजारी राहा." माझ्या मेहुणीच्या लग्नात नवऱ्याच्या आईने यावरून मला बाजूला घेऊन, हे गृहस्थ बरे आहेत ना, असं विचारलं होतं.

गेल्या वर्षी मुलीच्या बाळंतपणाला काकू बंगळुरूला गेल्या. बाळाने जरा बाळसं धरलं की येते, म्हणाल्या. सरांनी त्याच संध्याकाळी हॉलचा पंखा बंद केला आणि नळ्या जेवणाच्या टेबलावर आणून मांडल्या. स्वराज्य मिळाल्यासारखा माणूस खुशीत होता. मग मुलीची नोकरी पुन्हा सुरू झाली, बाळ आजीच्या अंगावर पडलं आणि काकूंचं येणं पुढे पुढे जात राहिलं. तुम्ही बोलवा ना, असं मी दोनतीनदा सुचवलं. सर म्हणत, ती स्वतंत्र केंद्रक आहे. पण मी कंपनीतून आलो की मला हटकून हाक मारत आणि चहाचा कप पुढे करत. चहा पाकासारखा असे. सवयीने दोन कप होत होते, आणि दुसरा प्यायला मी होतो.

नोव्हेंबरात त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. नळी सिन्नरची होती. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं एसटीने निघाले, तेव्हा सिन्नरच्या स्टँडमागे बाभळीच्या कुजक्या बुंध्यावर काकूंनी एक अळंबी पाहिली होती. तिचाच धागा सरांनी इतकी वर्षं जिवंत ठेवला होता. दर पावसाळ्यात तिला छत्र्या येत आणि काकू त्या मोजून नावं ठेवत. यंदा एकही आली नव्हती.

"धाग्यावर आकडीसारखे फुगवटे दिसतात का?" सरांनी विचारलं. मला काही दिसेना. "नाहीतच ते. दोन केंद्रकं सोबत असली की ते फुगवटे येतात."

मग त्यांनी सांगितलं. कधीकधी धागा आपणच तुटतो आणि त्याच्या तुकड्यांचे बीजाणू होतात. त्याला लग्न लागत नाही, काही लागत नाही. पण तुटताना जोडी सुटते आणि एकेका बीजाणूत एकच केंद्रक जातं. नळी बदलताना नेमका तसलाच तुकडा आला असणार.

"म्हणजे मेली का ती?"

"नाही हो. एकटं केंद्रक मरत नाही. उगवतं, वाढतं, सगळी नळी भरून टाकतं." चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला. "फक्त छत्री धरत नाही."

त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या माणसाची फार दया आली.

उपाय होता. जोडी सुटली तेव्हा दुसरं केंद्रकही कुठल्यातरी बीजाणूत गेलं असणार. सरांनी चिकाटीने ते जुन्या नळीतून शोधून वेगळं वाढवलं. आता दोन्ही एका ताटलीत शेजारी ठेवायची, म्हणजे पुन्हा जुळतील. डिसेंबरातला एक रविवार ठरला. दुपारी दार हळू उघडा, अशी त्यांनी जिन्यातल्या सगळ्यांना ताकीद दिली. मी मदतीला जाणार होतो.

गेलो, तर हॉलचा पंखा पाचावर. बाहेर नाशिकची थंडी, सर स्वेटर, मफलर आणि कानटोपीत, टेबलावर ताटली उघडी पडलेली. इतक्या वर्षांच्या शिकवणीमुळे माझा हात आपसूक बटणाकडे गेला. सरांनी तो मनगटाशी घट्ट धरला.

पंख्याखाली तांब्याला टेकवून फोन उभा होता. पडद्यावर काकू आडव्या झाल्या होत्या, कुशीत बाळ.

"बाळाला वारा लागतो म्हणून तिथे पंखा लावत नाहीत," सर माझ्या कानाशी म्हणाले. "तिला डोळा लागेना. मघाशी म्हणाली, आपला पंखा ऐकवा जरा."

"आणि सिन्नर?"

त्यांनी ताटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. मफलर माझ्या गळ्यात टाकला आणि बोट ओठांवर ठेवलं.

पंखा कटकट करत होता. फोनमधून काकूंचं घोरणं येऊ लागलं, तसे सर स्टूल ओढून फोनच्या शेजारी बसले.